चार काड्या, दोन हात

संगणकवाल्यांमध्ये काही भांडणं कधीच मिटत नाहीत. व्हीआय की ईमॅक्स, टॅब की स्पेस, महिरपी कंस त्याच ओळीत की खालच्या ओळीत. तुम्ही म्हणाल, ही आमचीच खोड. पण मंडळी, तसं नाही. जगात मारिम्बा आणि व्हायब्राफोन वाजवणाऱ्यांची एक जमात आहे आणि तिच्यातही असंच एक जुनं भांडण आहे: एका हातात दोन काड्या धरायच्या तर कशा धरायच्या? या शनिवारी त्याबद्दल. आणि वाटेत परभणी लागणार आहे, तेव्हा आमच्याकडच्या वाचकांनी मध्येच पळू नये :)

आधी वाद्यांची ओळख. मारिम्बा म्हणजे पेटीच्या स्वरपट्ट्यांसारख्या मांडलेल्या लाकडी पट्ट्या, प्रत्येकीखाली आवाज घुमवणारी एक नळी. पट्टीवर लोकर किंवा दोरा गुंडाळलेल्या गोळ्याच्या काडीने मारायचं. या काडीला मॅलेट म्हणतात. आपल्याकडे असल्या वाद्याला काष्ठतरंग असं छान नाव आहे. व्हायब्राफोनमध्ये पट्ट्या लाकडाऐवजी ॲल्युमिनियमच्या. नळ्यांच्या तोंडाशी फिरणाऱ्या चकत्या असतात, त्या मोटरवर फिरल्या की सूर थरथरतो. खाली पियानोसारखं पेडल. दाबलं की सूर लांबतो, सोडलं की बंद. जुन्या हिंदी सिनेमात नायक धुक्यातून चालत येतो आणि मागे थेंब ठिबकल्यासारखा थरथरता आवाज येतो, तो बऱ्याचदा याच वाद्याचा.

मुंबईच्या स्टुडिओंत हे वाद्य वाजवणाऱ्यांत लॉर्ड घराण्याचं नाव मोठं. वडील कावस लॉर्ड, मुलं केरसी आणि बुजी. काँगो-बाँगोसारखी लॅटिन तालवाद्यं हिंदी चित्रपटसंगीतात रुळवणाऱ्यांत कावसजी होते. केरसी लॉर्ड (१९३५-२०१६) तर ॲकॉर्डियनपासून व्हायब्राफोन, ग्लॉकनश्पील आणि पुढे सिंथेसायझरपर्यंत काय वाटेल ते वाजवायचे. 'आराधना'मधल्या (१९६९) 'रूप तेरा मस्ताना'चं ॲकॉर्डियन त्यांचं. पण श्रेयनामावलीत या लोकांची नावं क्वचितच यायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता मूळ प्रश्न. दोन हातात दोन काड्या असल्या तर एका वेळी फार तर दोन सूर वाजतात. पाश्चात्त्य संगीताला तेवढे पुरत नाहीत. त्यांना कॉर्ड लागते, म्हणजे तीन-चार सूर एकदम. पियानोवाल्याकडे दहा बोटं आहेत, त्याचं भागतं. काडीवाल्याने काय करायचं? एका हातात दोन-दोन काड्या धरायच्या. ऐकायला सोपं आहे. दोन पेन्सिली एका हातात धरून बघा. त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करा, एक हलवताना दुसरी स्थिर ठेवा. दोन मिनिटांत करंगळी रडायला लागते.

मारिम्बाचं मूळ आफ्रिकेत. तिथून ती मध्य अमेरिकेत पोचली आणि ग्वाटेमालात अशी रुजली की १९७८ साली तिला तिथे राष्ट्रीय वाद्याचा दर्जा मिळाला. पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखी दुहेरी रांग असलेली मारिम्बा १८९४ च्या सुमारास सेबास्तियान उर्तादो यांनी केली असं मानतात. एकेका लांबलचक मारिम्बापुढे तीन-चार वादक खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि कुणाच्या हातात तीन, कुणाच्या हातात चार काड्या. उर्तादो कुटुंबातल्या वादकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेचे दौरे केले. त्यानंतर शिकागोच्या डीगनसारख्या कंपन्या मारिम्बा बनवू लागल्या.

व्हायब्राफोन मात्र अस्सल कारखान्यातलं पोर. १९२१ च्या सुमारास लीडी कंपनीत त्याची पहिली आवृत्ती झाली. १९२७ साली डीगन कंपनीच्या हेन्री श्लूटर यांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पेडल घालून त्याला आजचं रूप दिलं. म्हणजे आमच्या भाषेत व्हर्जन २. सुरुवातीला रेडिओ स्टुडिओत टिंग-टाँग असा संकेत वाजवण्यापुरताच त्याचा उपयोग. १९३० साली लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणात लायोनेल हॅम्प्टनने ते वाजवलं आणि जॅझमध्ये त्याला जागा मिळाली. १९३३ मध्ये रेड नॉर्व्होने मारिम्बावर चार काड्या घेऊन दोन तुकडे मुद्रित केले. ते तेव्हाच्या लोकांना फारच विचित्र वाटले असणार, आजही वाटतात.

या सगळ्या काळात चार काड्या धरायची जी सर्वसाधारण रीत होती तिला आज 'पारंपरिक पकड' म्हणतात. एका हातातल्या दोन काड्यांची तळहातात फुली होते आणि बोटं त्यांना आवळून धरतात. पकड मजबूत, आवाज दणदणीत. मात्र दोन काड्या एकमेकींना बांधलेल्या. एक हलली की दुसरीला धक्का.

इथे क्लेअर ओमार मसर (१९०१-१९९८) हे गृहस्थ येतात. वादक, वाद्यरचनाकार आणि भव्यतेचं वेड असलेला माणूस. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांनी शंभर मारिम्बांचा वाद्यवृंद उभा केला. १९३५ साली पुन्हा शंभर वादक घेऊन कार्नेगी हॉल आणि युरोप गाठला. पुढे ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवायचे. त्यांच्या पकडीत काड्यांची फुली होतच नाही. आतली काडी अंगठा आणि तर्जनीत, बाहेरची अनामिका आणि करंगळीत, तळहात जमिनीकडे. दोन काड्या, दोन वेगळी घरं. एकीचं भांडण दुसरीच्या घरात जात नाही.

मसर यांची विद्यार्थिनी व्हिडा चेनोवेथ (१९२८-२०१८) हिने १९५९ साली कार्नेगी हॉलमध्ये रॉबर्ट कुर्काचा मारिम्बा कॉन्चेर्तो प्रथम सादर केला. नंतर ही बाई मैफिली सोडून पापुआ न्यू गिनीला गेली आणि तिथल्या उसारुफा लोकांची भाषा आणि गाणी अभ्यासण्यात रमली. मला या सबंध इतिहासात ही गोष्ट सगळ्यात आवडते. जिला जगातले लोक टाळ्या वाजवत होते ती उठून अशा लोकांचं गाणं लिहून घ्यायला गेली, ज्यांचं गाणं तोवर कागदावर नव्हतंच.

आता गॅरी बर्टन. जन्म १९४३, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, आणि बालपण तिथल्याच छोट्या गावांतलं. सहाव्या वर्षी थोडा काळ एका बाईंकडे मारिम्बा शिकला, पुढचं बरंचसं स्वतःच. गावात जॅझ वाजवणारं कोण असणार? ना पियानो वाजवणारा सोबती, ना बास. एकट्याने दोन काड्यांनी चाल वाजवली की ती उघडीवाघडी वाटायची. म्हणून त्याने चाल आणि साथ दोन्ही स्वतःच वाजवायला सुरुवात केली, चार काड्यांनी. त्यातून जी पकड घडली ती बर्टन पकड. तिच्यातही काड्यांची फुली होतेच, पण वरची-खालची काडी पारंपरिक पकडीच्या उलटी. एवढ्याशा बदलाने बाहेरच्या काडीत इतकं बळ आलं की दोन काड्यांवाल्यांच्या वेगाने तो सलग चाल वाजवू लागला, आणि शिवाय कॉर्ड हातात होतीच. १९७१ च्या त्याच्या 'अलोन ॲट लास्ट' या तबकडीला ग्रॅमी मिळालं. नाव बघा, अखेर एकटा! सोबत नव्हती म्हणून शोधलेली रीत पुढे हजारोंची झाली.

याउलट मिल्ट जॅक्सन. मॉडर्न जॅझ क्वार्टेटमधला हा थोर व्हायब्राफोनवादक आयुष्यभर मुख्यतः दोनच काड्यांनी वाजवत राहिला. त्याच्या शेजारी जॉन लुईस पियानोवर होता, कॉर्डची काळजी त्याला नव्हती. म्हणजे कोण किती काड्या धरणार हे शेजारी कोण बसलंय यावर ठरतं. हे मला फार पटलं.

चौथा गडी ली हॉवर्ड स्टीव्हन्स, जन्म १९५३. त्याने मसर यांची पकड घेतली आणि हात आडवा न ठेवता अंगठा वर येईल असा वळवला. काड्या लांब केल्या, टोकाकडे धरल्या. आता दोन काड्यांमधलं अंतर प्रचंड वाढवता येऊ लागलं. मारिम्बाच्या खालच्या सुरांच्या पट्ट्या चांगल्या रुंद असतात, तिथे हे हवंच. शिवाय लाकडी पट्टीचा सूर पटकन विरतो, तो टिकवायला भराभर आघात करत राहावं लागतं. ते काम एका हाताने करून दुसरा हात मोकळा ठेवणं स्टीव्हन्सने जमवलं. आणि त्याने आणखी एक केलं, जे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. १९७९ साली त्याने पुस्तक लिहिलं. हाताच्या हालचालींचे प्रकार पाडले, प्रत्येकाला नाव दिलं, शेकडो व्यायाम दिले. थोडक्यात काय, डॉक्युमेंटेशन! त्यामुळे ही पकड कॉलेजाकॉलेजात पोचली.

म्हणून पारंपरिक पकड हरली का? अजिबात नाही. जपानच्या केइको आबे (जन्म १९३७) पारंपरिक पकडीच्याच आपल्या आवृत्तीने वाजवत आल्या. १९५० साली एका अमेरिकी मिशनऱ्याने जपानमध्ये काही मारिम्बा आणल्या आणि त्या शाळकरी मुलीने तो आवाज ऐकला. पुढे १९६३ पासून यामाहा कंपनीबरोबर काम करून तिने मारिम्बा पाच सप्तकांपर्यंत वाढवायला लावली. तिची 'मिची' ही १९७८ ची रचना आजही विद्यार्थी घोटतात. जिची पकड 'जुनी' तिनेच वाद्य नवं केलं.

हे सगळं वाचण्याचं निमित्त माझा भाचा. परभणीचा पोरगा, शाळेत लेझीम पथकात हलगी वाजवायचा. आता नोकरीसाठी बंगळूरला, आणि सुट्टीच्या दिवशी एका संगीतशाळेत जाऊन मारिम्बा बडवतो. त्याचा फोन आला.

"मामा, सर म्हणतात स्टीव्हन्स शिक. बाकी पोरं म्हणतात बर्टन. मी काय करू?"

"अरे, मला कशाला विचारतोस? मी कीबोर्ड बडवतो, तोही कॉम्प्युटरचा."

"तुम्ही वाचून सांगा ना. तुम्हाला असलं काही वाचायला आवडतं."

ते मात्र खरं. तर माझं वाचीव उत्तर असं: मुख्यतः व्हायब्राफोन आणि जॅझ वाजवायचं असेल तर बर्टन. पट्ट्या अरुंद, अंतर कमी, चाल ठळक हवी, आणि वाजलेला सूर दुसऱ्या काडीने हलकेच दाबून थांबवायचा असतो, त्याला घट्ट पकड बरी. मोठी मारिम्बा, बाख, चार स्वतंत्र आवाज असं काही डोक्यात असेल तर स्टीव्हन्स. पहिले काही महिने करंगळी आणि अनामिका दुखणार. थकवा आला की थांबायचं. शीर भरून आली तरी रेटत राहायचं ही मर्दुमकी नव्हे. आणि जे सर समोर आहेत त्यांना जी पकड नीट येते तिला पहिला मान द्यायचा. कारण चुकीचा अंगठा पुस्तक पकडत नाही, गुरूच पकडतो.

त्यावर तो म्हणाला, "मामा, पण दोन हातांना दोन वेगळी कामं हे मला नवीन नाही. हलगीला तसंच असतं की."

आणि इथे माझी गाडी परभणीला पोचली.

हलगी बघा. एका हातात आखूड जाड काडी, दुसऱ्या हातात बारीक लांब. जाड काडी ठोका देते, बारीक काडी मधल्या जागा भरते. तोच हात हलगीची कड पण सावरतो. संबळ बघा. कमरेला बांधलेले दोन जोडढोल, दोघांचे आवाज वेगळे, आणि काड्याही वेगळ्या. एकीचं टोक वाकवून गोल केलेलं, दुसरी साधी. परभणी म्हणजे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदमांचं गाव. त्यांच्या नावामुळे इथला गोंधळ महाराष्ट्रभर माहीत झाला. संबळ, तुणतुणं, झांज, पेटलेली दिवटी आणि रात्रभर चालणारं आख्यान. त्या संबळावर बोटं काय करतात? अंगठा काडीवर सपाट असतो की तिरका? करंगळी मोकळी की मिटलेली? जलद लयीत मनगट फिरतं की बोटं?

या पकडीला नाव काय?

नाव नाही. बर्टन पकड आहे, मसर पकड आहे, स्टीव्हन्स पकड आहे. ग्वाटेमालाच्या वादकांच्या वाट्याला नुसतं 'पारंपरिक' आलं. म्हणजे अमुक कुणी नाही, सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. आणि आमच्याकडच्या हातांना तेवढंही नाही. मी आमच्या धंद्यात वीस वर्षं हेच पाहत आलोय. कोड एकाने लिहिलेला असतो, पण नाव राहतं ते ज्याने मॅन्युअल लिहिलं त्याचं.

कुणी म्हणेल, आपलं संगीतच वेगळं, आपल्याला चार काड्यांची गरज नव्हती. खरंय. रागात एका वेळी एक सूर, खाली तंबोरा. जलतरंगाला दोन काड्या पुरतात. संतूरलाही दोन कलम पुरतात, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरलेले. शिवकुमार शर्मांनी काश्मीरचं हे वाद्य मुंबईच्या मैफिलीत रुळवताना त्याची तारांची जुळणी आणि वाजवण्याची बैठक बदलली. आपले पं. उल्हास बापट (१९५०-२०१८) त्याच्याही पुढे गेले. त्यांनी संतूर बाराही स्वरांत जुळवलं, म्हणजे राग बदलला की तारा पुन्हा जुळवत बसायला नको. राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांतही ते वाजवायचे. म्हणजे प्रश्न वेगळे होते आणि उत्तरंही वेगळी शोधली गेली. बर्टनला सोबत नव्हती म्हणून त्याने काड्या वाढवल्या. बापटांना राग बदलायचे होते म्हणून त्यांनी जुळणी बदलली. संबळवाल्याला दोन वेगळे ढोल बोलते करायचे होते म्हणून त्याने काड्याच वेगळ्या घडवल्या. अक्कल तिन्ही ठिकाणी सारखीच लागते.

पण शिवकुमारजी आणि बापट यांचं काम मैफिलीच्या मंचावर झालं, ते नोंदलं गेलं. संबळ आणि हलगीचं काम अंगणात, वेशीत, मिरवणुकीत झालं. आणि स्पष्टच बोलायचं तर ती कोणी वाजवायची हे जातीने ठरलेलं होतं. मंगल कार्यात ज्याच्या वाद्यावाचून अडायचं त्यालाच मांडवाबाहेर उभं करायचं, ही आपली रीत. ज्या हातांना पाणी वरून वाढलं जायचं त्या हातांतला अंगठा कुठे असतो हे कोण बघणार आणि कोण लिहिणार? पुढे अनेकांनी स्वाभिमानाने ही वाद्यं खाली ठेवली, आणि त्यात काहीच चूक नाही. काडीपेक्षा माणूस मोठा. पण ज्या हातांनी ती ठेवली त्यांच्यातलं ज्ञान कुणी विचारून ठेवलं नाही, हा तोटा मात्र आपल्या सगळ्यांचा. आणि त्याची जबाबदारी ज्यांनी वाद्य खाली ठेवलं त्यांची नाही, ज्यांना लिहिता येत होतं त्यांची.

मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांचंही काहीसं असंच. फरक इतकाच की तिथे निदान आवाज मुद्रित झाला. नावं नंतर का होईना, कुणीतरी शोधून काढली.

हळहळून काही होत नाही, तेव्हा काही करण्यासारखं. मसर, बर्टन, स्टीव्हन्स यांच्यात एक गोष्ट समान आहे. त्यांची पकड कुणीतरी जवळून पाहिली आणि 'आतली काडी इथे, बाहेरची तिथे' इतक्या साध्या शब्दांत सांगितली. यासाठी विद्यापीठ लागत नाही. गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू, कुठेही, ज्याच्या गावात आज संबळ किंवा हलगी वाजवणारं जाणतं माणूस आहे, त्याने त्यांच्याजवळ बसावं. आधी परवानगी घ्यावी, आणि वेळेचे पैसे द्यावेत, फुकट नाही. मग फोनचा कॅमेरा चेहऱ्यावर नाही, हातावर लावावा. एकदा संथ, एकदा जलद. काडी कुठल्या लाकडाची, किती लांब, गोल टोक कसं वाकवलं, कोणी शिकवलं, डावखुऱ्याने काय करायचं हे विचारावं. आणि त्यांचं नाव, त्यांना चालत असेल तर, सगळ्यात वर लिहावं. उद्या त्या पकडीला कुणाचं नाव लागायचं असेल तर ते वाजवणाऱ्याचं लागावं, लिहिणाऱ्याचं नाही.

भाच्याने शेवटी स्टीव्हन्स पकड घेतली, कारण सरांना तीच येते. पण डाव्या हातात तो आतली काडी जरा जड आणि बाहेरची हलकी घेतो म्हणे. सर विचारतात, हे कुठून शिकलास? तो सांगतो, आमच्याकडे असंच असतं.

असो. पुढच्या शनिवारी जमलं तर टाइपरायटरच्या मराठी कळफलकाबद्दल. तीही पकडीचीच गोष्ट आहे.